ल्युकेमियाने खंगलेल्या मांजराची शुश्रूषा

फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांना एका विषाणूमुळे होणारा आजार. त्याचं निदान झालं की डॉक्टरांच्या बोलण्यातलं एकच वाक्य बहुतेकांच्या मनात घर करून बसतं: यावर औषध नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. विषाणूला शरीरातून पुरतं हुसकावून लावणारं औषध आजवर सापडलेलं नाही, हे कबूल. पण आजारी मांजराला दिवसेंदिवस जे छळतं ते म्हणजे रक्त कमी पडणं, तोंड आल्यामुळे खाता न येणं, एखाद्या दुसऱ्याच जंतूने डोकं वर काढणं, छातीत पाणी साठणं. यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि पुष्कळदा त्यावर इलाजही असतो. म्हणून मांजर खंगायला लागलं की ‘ल्युकेमियाच तो, आता काय करणार’ असं म्हणून हात टेकणं मला अजिबात पटत नाही. ते नेमकं कशाने खंगतंय, हे आधी शोधायला हवं.

हा विषाणू १९६४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, झालेला पाहून त्यांना संसर्गाची शंका आली होती. हा रेट्रोव्हायरस आहे. एचआयव्हीही त्याच कुळातला. आरएनएमधली आपली जनुकीय माहिती हे विषाणू डीएनएमध्ये उतरवतात आणि यजमान पेशीच्या डीएनएत कायमची गुंफून टाकतात. ही उलटी नक्कल करणारं विकर (एन्झाइम) हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशीत ही माहिती एकदा शिरली की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पिढ्यांमध्ये ती उतरत राहते. एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध काही मांजरांना देतात, मांजरांसाठी तयार केलेलं ओमेगा इंटरफेरॉनही वापरतात. पण अशी औषधं फार तर विषाणूची वाढ आवरतात. डीएनएत जाऊन बसलेला भाग त्यांना पुसता येत नाही. शिवाय एझेडटीमुळे रक्त आणखी कमी होऊ शकतं, त्यामुळे आधीच पांढऱ्या पडलेल्या मांजराला ते देताना डॉक्टर फार जपून निर्णय घेतात.

लागण झालेलं प्रत्येक मांजर इतकं आजारी पडतं असंही नाही. काही मांजरांची प्रतिकारशक्ती विषाणूला सुरुवातीलाच परतवून लावते. काहींच्या पेशींत तो दबून राहतो, रक्तात मात्र दिसत नाही आणि लाळेतून पसरतही नाही. उरलेल्यांच्या रक्तात तो कायम फिरत राहतो आणि खरा धोका त्यांना असतो. त्यांतली बहुतेक निदानानंतर तीनेक वर्षांत दगावतात, काही मात्र त्याहून बरीच जास्त जगतात. लहान पिल्लांना धोका सर्वांत मोठा, वाढत्या वयाबरोबर तो कमी होत जातो.

दवाखान्यात थेंबभर रक्तावर जी झटपट चाचणी होते ती विषाणूचं पी-२७ नावाचं प्रथिन शोधते. तिचा निकाल कधीकधी चुकतो, आणि ज्या मांजराच्या शरीरात विषाणू पुढे दबणार असतो तेही लागणीच्या सुरुवातीला पॉझिटिव्ह दिसू शकतं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून किंवा पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती शोधणारी चाचणी, करून खात्री करून घेतात. अत्यवस्थ मांजराच्या बाबतीत हा आग्रह मला जास्तच महत्त्वाचा वाटतो. एका झटपट चाचणीवरून कोणत्याही मांजराचं आयुष्य संपवायचा निर्णय घेऊ नये.

आता रक्ताकडे वळू, कारण या आजारात बहुतेक गोष्टी तिथेच येऊन ठेपतात. मांजराच्या तांबड्या पेशी साधारण सत्तर दिवस जगतात, माणसाच्या सुमारे एकशेवीस. विषाणूने अस्थिमज्जेचं काम मंदावलं की नव्या पेशी येत नाहीत, जुन्या मरत राहतात आणि रक्त हळूहळू पातळ होत जातं. मांजर या उतरणीशी इतक्या शांतपणे जुळवून घेतं की घरच्यांना पत्ताच लागत नाही. ते थोडं जास्त झोपतं, उंच उडी टाळतं, खेळायला उठत नाही. वय झालं असेल असं आपण धरून चालतो. त्यामुळे वरचा ओठ हलकेच उचलून हिरड्या बघायची सवय लावून घ्यावी. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती पांढुरकी दिसू लागली, किंवा मांजर माती नाहीतर लिटर चाटू-खाऊ लागलं, तर रक्त तपासायला उशीर करू नये. एकूण रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे हिमॅटोक्रिट या आकड्यावरून कळतं. निरोगी मांजरात तो साधारणपणे ३० ते ४५ टक्के असतो.

आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मज्जा नव्या पेशी बनवण्याचा प्रयत्न करते आहे का. रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी भरपूर दिसल्या तर मज्जा झटते आहे आणि पेशी दुसरीकडे कुठेतरी नष्ट होत आहेत, असा अर्थ निघतो. त्यामागे तांबड्या पेशींना चिकटून राहणारे मायकोप्लाझ्मा जातीचे जिवाणू असू शकतात. ल्युकेमियाच्या मांजरात ते संधी साधतात, आणि त्यांच्यावर डॉक्सिसायक्लिन चांगलं लागू पडतं. ‘ल्युकेमियाने रक्त कमी झालं’ एवढ्यावर थांबलं तर नेमकी ही बरी होणारी गोष्ट हातची जाते. डॉक्सिसायक्लिनची गोळी मात्र कधीही कोरडी देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नलिका आक्रसते. गोळीमागोमाग सिरिंजने थोडं पाणी पाजावं किंवा लगेच चार घास खाऊ घालावेत.

कोवळ्या पेशी दिसतच नसतील तर दुखणं मज्जेतच आहे. विषाणूचा सी नावाचा एक उपप्रकार मांजराच्या शरीरात बदल होत होत तयार होतो. वाढत्या तांबड्या पेशी आपल्यातलं जादा हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, बाहेर टाकण्यासाठी जे प्रथिन वापरतात, नेमकं त्यालाच तो पकडतो. मग हीम आत साठतं आणि पेशी पिकण्याआधीच मरते. अशा मांजराला लोहाचं टॉनिक पाजून काहीही साधत नाही, कारण त्याच्याकडे लोहाची कमतरता नसते. तांबड्या पेशी बनवायला मज्जेला चालना देणारी एरिथ्रोपोएटिनसारखी इंजेक्शनं काहींना थोडी मदत करतात. रक्त फारच उतरलं तर रक्त चढवावं लागतं. त्याने मिळालेली उसंत काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते, पण मागे बरी होणारी लागण दडलेली असेल तर तेवढ्या वेळात औषध काम करू लागतं. मांजरांचे रक्तगट मुख्यतः ए, बी आणि क्वचित एबी. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिद्रव्यं निसर्गतःच असतात, त्यामुळे आयुष्यातलं पहिलंच रक्त चढवतानाही गट न तपासणं जिवावर बेतू शकतं. माणसाचं किंवा दुसऱ्या मांजराचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून इथे घाई करू नये.

याच जागी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. अगदी पाव गोळीसुद्धा नाही. ते निकामी करायला यकृतात जी यंत्रणा लागते ती मांजरात फार तोकडी असते, आणि मांजराचं हिमोग्लोबिन अशा रसायनांपुढे विशेष नाजूक असतं. ते ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. धडधाकट मांजर यात मरतं. ज्याच्याकडे रक्तच थोडं उरलं आहे त्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको. कांदा-लसूण घातलेलं कोणतंही अन्न याच कारणाने वर्ज्य.

दुसरी लढाई खाण्याची. मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी झपाट्याने यकृताकडे धाव घेते, आणि यकृताला ती हाताळता येत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर यकृत चरबीने भरून काम टाकू लागण्याचा धोका असतो. अंगाने भरलेल्या मांजरात तो जास्तच. तेव्हा ‘आज नाही खाल्लं, उद्या खाईल’ हा हिशेब मांजराच्या बाबतीत एका दिवसापुरताच ठीक आहे. आधी कारण बघावं. या आजारात हिरड्या आणि तोंडाचा मागचा भाग सुजून लालभडक होणं फार सामान्य आहे. असं मांजर भांड्यापाशी भुकेने येतं, वास घेतं, एखादा घास तोंडात घेऊन टाकतं आणि निघून जातं. त्याला भूक आहे, दुखतंय म्हणून ते खात नाही. दुखणं कमी करणारं औषध दिलं की कित्येकदा ते त्याच दिवशी खाऊ लागतं. मळमळ असेल तर ओठ चाटणं, लाळ गळणं, अन्न दिसताच मान फिरवणं अशा खुणा दिसतात. तिच्यावर मॅरोपिटंट देतात. भूक वाढवायला मिर्टाझापीन वापरतात.

मांजर नाकाने जेवतं, असं म्हटलं तरी चालेल. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर समोरचं अन्न त्याच्या लेखी नसल्यासारखंच. ओल्या कापसाने नाक हळूच पुसावं, अन्न कोमट करावं, म्हणजे वास सुटतो. पसरट ताटलीत थोडंथोडं आणि अनेकदा वाढावं. कडू औषध आवडीच्या खाण्यात लपवू नये, नाहीतर ते खाणंही कायमचं नकोसं होतं. जबरदस्तीने तोंडात अन्न कोंबल्यानेही तसंच होतं, आणि अन्न श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. खाणं बरेच दिवस नीट होणार नाही असं दिसत असेल तर मानेतून अन्ननलिकेत घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. ऐकायला हे भयंकर वाटतं. प्रत्यक्षात झटापट न करता अन्न, पाणी, औषधं सगळंच देता येतं आणि मांजर आपल्याला पाहून पळायचं थांबतं. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावं. चार किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन उतरणं म्हणजे पाच टक्के घट. हाताला ती कळत नाही, काट्यावर लगेच दिसते.

श्वास मोजणंही घरच्या घरी जमण्यासारखं आहे. या विषाणूमुळे लिम्फोमाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि कमी वयाच्या मांजरात तो बहुधा छातीत, हृदयाच्या पुढच्या बाजूला होतो. भोवती पाणी साठतं आणि फुप्फुसाला फुगायला जागा राहत नाही. मांजर गाढ झोपलेलं असताना छातीचं वरखाली होणं मिनिटभर मोजावं. ते तीसच्या आत असायला हवं. रोजच्यापेक्षा ते वाढत चाललं असेल तर डॉक्टरांना कळवावं, आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर घरी एक मिनिटही घालवू नये. सुईने ते पाणी काढलं की मांजराला लगेच मोकळं वाटतं. लिम्फोमावर केमोथेरपीही देतात. रोग कायमचा जाणं दुर्मीळ, पण मांजरं ती माणसांपेक्षा सहसा बरीच चांगली सोसतात. केस फारसे गळत नाहीत, मिश्या मात्र गळू शकतात.

बाकीची काळजी साधी आहे. मांजराला घरातच ठेवावं, कच्चं मांस आणि कच्ची अंडी देऊ नयेत, पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त डॉक्टरांनी सांगितलेल्याच औषधाने करावा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषारी असतं. अंग चाटायचं त्याने सोडलं असेल तर कोमट ओल्या फडक्याने पुसून काढावं. निजायची जागा उबदार आणि लिटरचा ट्रे जवळ, कमी काठाचा असावा. कातडीखाली सलाईन देणं अनेकजण घरी शिकतात. पण रक्त फार कमी असलेल्या किंवा छातीत पाणी झालेल्या मांजराला ते मनाने देऊ नये.

मांजर दुखणं लपवतं, आणि घुरघुरतं म्हणून ते सुखात आहे असंही समजू नये. वेदनेतही मांजरं घुरघुरतात. चेहरा जास्त खरं सांगतो. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या वेदना ओळखायची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेर वळलेत का, डोळे आक्रसलेत का, मुस्कट ताणलंय का, मिश्या ताठ आणि पुढे आहेत का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का, हे पाचच मुद्दे. शिकायला वेळ लागत नाही. पुढचा, जास्त अवघड प्रश्न आहे तो आणखी किती ताणायचं याचा. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायला सुचवलं. एकूण पस्तीसच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवणं रास्त मानतात. मला यातला आकड्यापेक्षा रोज लिहायचा भाग मोलाचा वाटतो. एका बऱ्या संध्याकाळच्या आशेवर आपण मागचे सहा वाईट दिवस सहज विसरतो. वही विसरू देत नाही.

मज्जा बंद पडली आहे, रक्त पुन्हा पुन्हा चढवूनही टिकत नाही, श्वासाला कष्ट पडतात, अशा वेळी दयामरण निवडणं ही शुश्रूषेचीच पुढची पायरी आहे, आणि त्यासाठी अपराधी वाटून घेऊ नये. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. शुद्ध हरपते, त्यानंतर हृदय थांबतं. डोळे उघडेच राहू शकतात, नंतर एखादा स्नायू हलू शकतो. हे आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे ऐनवेळी मांजराला त्रास होतोय असं वाटत नाही.

घरातल्या माणसांना आणि कुत्र्यांना या विषाणूची लागण होत नाही. मांजरांमध्ये तो मुख्यतः लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एकाच भांड्यात खाण्यातून, चावण्यातून आणि आईकडून पिल्लांना जातो, त्यामुळे घरातल्या इतर मांजरांची चाचणी करून निगेटिव्ह असलेल्यांना वेगळं ठेवावं आणि लस द्यावी. शरीराबाहेर तो फार तग धरत नाही. फार तर काही तासांत मरतो, साबणाच्या पाण्यानेही नष्ट होतो. त्यामुळे भांडी, ट्रे, अंथरूण स्वच्छ धुऊन पुन्हा वापरता येतात. पुढे कधी नवं मांजर आणायचं झालं तर त्याची आधी चाचणी करून घ्यावी, आणि बाहेर हिंडणारं असेल तर लसही द्यावी.