गीझर चालूच ठेवला की बिल कमी येतं? नाही हो!

"सारखा चालू-बंद केला की गीझर जास्त वीज खातो, त्यापेक्षा चालूच राहू दे", हे घरोघरी ऐकायला मिळतं. चूक आहे. टाकीतलं पाणी जितकं गरम तितकी उष्णता जास्त निसटते, आणि थर्मोस्टॅट (पाणी थंड झालं की गीझर आपोआप चालू करणारा स्विच) ती दिवसभर भरून काढत बसतो, म्हणजे कोणी आंघोळ करो न करो, मीटर पळतोच. १५ लिटर पाणी २० वरून ५० डिग्रीला न्यायला साधारण अर्धा युनिट लागतो, २ किलोवॅटच्या गीझरला जेमतेम पाव तास.

गच्चीवर पाणी तापवणारा सोलर असेल तर खरी मजा. पावसाळ्यात लोक सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावतात, पण २०० लिटर तेवढंच तापवायला ७ युनिट जातात राव! त्यापेक्षा सोलरचं कोमट पाणी बाथरूमच्या छोट्या गीझरमधून घ्या (त्याला गरम पाणी जोडलेलं चालतं का ते आधी विचारून), ३५ डिग्रीचं आलं तरी काम निम्मं. गावाकडे बंब आणि फुकटच्या करवंट्या असतील तर प्रश्नच मिटला, फक्त धूर बाहेर जाऊ दे. गॅस गीझर मात्र बंद बाथरूममध्ये अजिबात नको, त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.