छतावर सोलर पॅनल किती लावायचे? कमीत कमी कितीत भागेल याचा हिशोब

दुकानात आलेला माणूस पहिलं हेच विचारतो की किती किलोवॅट बसवू, पण आमचं म्हणणं असंय की आधी कोणत्या वर्षीचं बिल भागवायचंय ते ठरवा, कारण पॅनल पहिल्या वर्षी जेवढी वीज देतो तेवढी पुढं देत नाही.

मोनो पर्क या प्रकारच्या पॅनलच्या वॉरंटीच्या कागदावर साधारण असं असतं, पहिल्या वर्षी 2 टक्के घट आणि मग दरवर्षी 0.55 टक्के. म्हणजे 10 व्या वर्षाअखेर 93.05 टक्के उरतात, 25 व्याला 84.8.

आता समजा घरचा वापर महिन्याला 300 युनिट, वर्षाला 3,600. आपल्याकडं ऊन भरपूर, पण एप्रिल-मे मध्ये पॅनल तापला की वीज कमी बनते, पावसाळ्यात ढग आणि एरवी धूळ, म्हणून आम्ही किलोवॅटला वर्षाचे 1,400 युनिटच धरतो. त्या हिशोबानं 540 वॅटचा एक पॅनल नवा असताना 756 युनिट देईल, पाच पॅनल 3,780. झालं की काम, असं वाटतं! सहा वर्षं भागतंय पण, काठावर का होईना, सातव्या वर्षी मात्र तेच पाच पॅनल 3,580 वर येतात आणि तिथून पुढं दरवर्षी थोडं थोडं कमीच. सहा घेतले तर 10 व्या वर्षीही 4,200 च्या वर मिळतात.

कोणी म्हणेल दहा वर्षांची बेरीज बघा ना, पाच पॅनलची 36,108 होते, लागणार 36,000. बेरीज बरोबर आहे, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या पद्धतीत, जास्तीचे युनिट मार्चअखेरपर्यंतच खात्यावर राहतात, उरले तर महावितरण ठरलेल्या दरानं पैसे देते आणि एप्रिलपासून पुन्हा शून्यापासून सुरू, त्यामुळं पहिल्या वर्षी उरलेलं आठव्या वर्षी कामाला येत नाही. म्हणून आम्ही दरवर्षीचंच टार्गेट धरतो. सबसिडीचं पण बघा, पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000, पुढच्या एका किलोवॅटला 18,000, जास्तीत जास्त 78,000 रुपये, म्हणजे पाच पॅनलला 72,600 आणि सहाला पूर्ण 78,000.

मोठं काम असलं, समजा लातूरची एखादी डाळ मिल, 10 व्या वर्षीही 60,000 युनिट पाहिजेत आणि छतावर 128 पॅनल मावतात, तर आम्ही मधला आकडा धरून बघतो. 64 कमी पडतात, 96 पुरतात, 80 कमी, 88 पुरतात, 84 कमी, 86 पुरतात, 85 कमी. म्हणजे 86, सात वेळा तपासून आकडा हातात. हे चालतं कारण पॅनल वाढवला की वीज कधी कमी होत नाही, त्यामुळं एखादा आकडा पुरला की त्याच्या वरचे सगळे सोडून द्यायचे, कमी पडला की त्याच्या खालचे, आणि उरलेल्यांतला मधला आकडा पुन्हा तपासायचा. सगळे पॅनल सारखे असले तर साध्या भागाकारानंही 86 च येतं, पण छतावर टाकीची किंवा लिंबाची सावली असली की चांगली जागा आधी भरते, नंतरचा प्रत्येक पॅनल कमी वीज देतो आणि तिथं भागाकार फसतो.

कोटेशनसाठी येताना मागच्या 12 महिन्यांचा वापर घेऊन या, एकट्या मे महिन्याचं बिल नको, कूलरमुळं आकडा उगाच फुगतो आणि गरजेपेक्षा जास्त पॅनल तुमच्या गळ्यात पडतात. आणि कोटेशन कुठूनही घ्या, पण 10 व्या वर्षी किती युनिट मिळतील हे त्यावर लिहून मागा, आम्ही ते न मागता लिहून देतो.