घाटातले आतले चाक: लॉकिंग डिफरन्शिअलची पार्श्वभूमी

ऐन पावसात साखरप्याहून आंबा घाट चढणारी, पुढची चाके ओढणारी एखादी ताकदवान हॅचबॅक घ्या. डावीकडचे आखूड वळण, दुसरा गिअर, आणि गाडीचा भार उजव्या चाकांवर गेलेला. पुढचे डावे चाक आधीच हलके झालेले असते. नेमके तेच कडेच्या पट्ट्यावरून जाते, जिथे डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती आणि कुजका पाला साचलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला की ते जागच्या जागी फिरते, इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र ढिम्म राहते. उजव्या चाकाला पकड आहे, पण तिचा उपयोग होत नाही.

हा दोष कोणा एका कंपनीच्या गाडीतला नाही, डिफरन्शिअलच्या (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या आणि त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाच्या) मूळ कल्पनेतलाच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर त्यातले एक घासटत जाते. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. आपल्या मेस्त्रींच्या भाषेतले स्टार आणि सन गिअर म्हणजे तीच रचना. तिचा नियम सोपा आहे: दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. चिखलातले चाक २०० न्यूटन मीटर पेलून फिरायला लागले, तर कोरड्या डांबरावरच्या चाकालाही २०० च मिळणार, मग इंजिनात कितीही दम असो.

रस्त्यावरच्या गाड्यांना जवळजवळ शंभर वर्षे याची फारशी खंत वाटली नाही, कारण तेवढी ताकदच नव्हती. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी सोळा सिलिंडरची शर्यतीची गाडी आखली, तेव्हा मात्र १६० किमीच्या वेगातही मागचे एक चाक सुटून फिरू लागले. १९३५ मध्ये पोर्शेंनी झेडएफ कंपनीला मर्यादित घसरणीचे, म्हणजे एका चाकाला फार सुटू न देणारे डिफरन्शिअल करायला सांगितले. म्हणजे हा भाग चिखलासाठी नव्हे, वेगासाठी जन्माला आला. पुढे मात्र दोन वेगळे वंश तयार झाले आणि आज निवड करताना गोंधळ होतो तो या दोघांची सरमिसळ केल्यामुळे.

पहिला वंश प्लेटवाल्यांचा. अमेरिकेत १९५६ मध्ये पॅकार्डने असे डिफरन्शिअल गिऱ्हाइकाला देऊ केले आणि लवकरच शेव्हरलेचे पॉझिट्रॅक्शन आले. यात दोन्ही बाजूंना क्लच प्लेटांच्या थप्प्या असतात. टॉर्क आला की मधली पिन उतारावर चढते, प्रेशर रिंगा फाकतात आणि प्लेटा दाबल्या जातात. सगळी कला त्या उताराच्या कोनात आहे. वन-वे म्हणजे फक्त ॲक्सिलरेटरवर पकड, टू-वे म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढीच, आणि दीड-वे म्हणजे सोडल्यावर थोडी कमी. टू-वे युनिट ओल्या घाट-उतारावर पाय उचलताच नाक वळणाबाहेर ढकलते. शर्यतीच्या कोरड्या ट्रॅकवर तोच गुण आहे, भुईबावड्याच्या उतारावर तो अवगुण. शिवाय या प्लेटा झिजतात. झीज मोजायची पद्धत अशी: गिअर न्यूट्रलमध्ये, ओढणारे एक चाक जॅकवर, दुसरे जमिनीवर, आणि उचललेले चाक टॉर्क पान्याने फिरवायचे. चाक हलायला लागणारा आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली गेला असेल, तर युनिट उघडून प्लेटा बदलाव्या लागतात.

दुसरा वंश खऱ्या लॉकरचा, शेत, जंगल आणि चिखलासाठी. डिट्रॉइट लॉकरसारख्या युनिटमध्ये दातांचे क्लच दोन्ही चाके एकत्र धरून ठेवतात आणि वळणावर पुढे पळणाऱ्या चाकाला तेवढ्यापुरते सोडतात. ईटनचे मेकॅनिकल लॉकर याहून शहाणे आहे. एरवी ते साध्या डिफरन्शिअलसारखे वागते. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की वजनांची एक छोटी यंत्रणा उडून अडकते आणि लॉक बसतो. ताशी ३० किमीच्या वर तो बसतच नाही. महिंद्राच्या थारच्या काही मॉडेलांत मागे हेच तंत्र दिले गेले. फोर्स गुरख्यात पुढचा आणि मागचा लॉक ड्रायव्हर हाताने लावतो. शेताच्या वाटेवर, नदीच्या उतारावर, होडी ओढून काढायच्या कामात याला तोड नाही. पण वेगवान गाडीला घाटात हे नको, आणि कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत साध्या डिफरन्शिअलवर एक चाक सुटले तरी दुसरे सुटत नाही, त्यामुळे ते गाडीला बाजूने धरून ठेवते. पुढे जाणे थांबते, पण गाडी रस्त्यावर राहते. लॉक बसलेला असेल तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि मागचा भाग दरीकडे निघतो. स्टार गिअर वेल्ड मारून टाकणे हा याचाच स्वस्त आणि वाईट प्रकार: टायर महिन्यांत संपतात, ॲक्सल पिळवटतात, आणि पावसात हे संकट कायमचे मागे लागते. रस्त्यावरच्या गाडीत हे करू नये, इतकेच.

सगळ्यात उपयोगी वळण आले ते १९५८ मध्ये. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकी संशोधकाला त्या वर्षी पेटंट मिळाले, त्यातून टॉर्सन निघाले. यात प्लेटा नाहीत. तिरप्या दातांचे गिअर टॉर्कखाली एकमेकांवर आणि बाहेरच्या केसिंगवर दाबले जातात आणि त्या घर्षणातून पकड मिळते. ऑडीच्या पहिल्या क्वाट्रोत, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, लॉक ड्रायव्हरला स्वतः लावावा लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधल्या जागी टॉर्सन आले आणि ते काम आपोआप होऊ लागले. क्वाइफचे हेलिकल डिफरन्शिअल याच तत्त्वावर चालते, आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत तेच जास्त बसवले जाते. चांगल्या आणि सुटलेल्या चाकाच्या टॉर्कचे गुणोत्तर २.५ असेल तर आधीच्या उदाहरणातल्या चांगल्या चाकाला २०० ऐवजी ५०० न्यूटन मीटरपर्यंत मिळतात. पकड हळूहळू येते, स्टिअरिंगला झटका बसत नाही, पाय उचलला की ती ओसरते. मर्यादा एकच, पण पक्की: चाक पूर्ण हवेत गेले तर शून्याची अडीचपट शून्यच. तेव्हा ब्रेकवर हलका पाय ठेवून त्या चाकाला थोडा विरोध द्यावा लागतो.

मधल्या काळात व्हिस्कस प्रकारही आला. सिलिकॉनच्या घट्ट द्रवात जाळीदार चकत्या, काम उशिरा सुरू होते, आणि द्रव म्हातारा झाला की युनिट बदलायचेच. माझदाने एमएक्स-५ मध्ये आधी तो दिला, मग १.८ लिटर इंजिनाबरोबर टॉर्सनकडे गेली.

२००९ च्या गोल्फ जीटीआयमधल्या एक्सडीएसपासून आतल्या चाकाला हलका ब्रेक मारून लॉकचा भास निर्माण करणारी तंत्रे रुळली. थोड्या वळणांना ती उत्तम आहेत. पण कुंभार्ली घाट जोरात चढताना पुढचे पॅड आणि डिस्क चढावरच तापून बसतात, आणि मग उतारावर तेच ब्रेक हवे असतात. कोकणच्या घाटांत यांत्रिक युनिटचा हा फायदा लोक विसरतात. काही मोजक्या गाड्यांत, उदाहरणार्थ ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ मध्ये, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा खरा क्लच कंपनीनेच दिला आहे. त्यात हात घालायची गरज नाही.

म्हणून रोज वापरायच्या, अधूनमधून घाटात दामटायच्या गाडीला हेलिकल. पुढची चाके ओढणारी असो वा मागची, पावसाच्या प्रदेशात हाच पर्याय आधी बघावा. प्लेटवाले फक्त ट्रॅकवर नियमित जाणाऱ्याने घ्यावे, तेही दीड-वे. आणि यापूर्वी टायर बघा. घासलेल्या टायरवर कोणतेही डिफरन्शिअल पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाटून देते.

बसवताना चुका कुठे होतात, तेही पाहू. मागच्या ॲक्सलमध्ये क्राऊन (डिफरन्शिअलवरचा मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) हायपॉइड, म्हणजे काटकोनात जुळणाऱ्या वक्र दातांचे असतात, त्यामुळे दातांमधली सैल जागा डायल गेजने मोजून शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवावी लागते. ती साधारण ०.१३ ते ०.२० मिमी असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. मग दातांना रंग लावून खूण मध्यभागी येते का ते पाहायचे. हे टाळले की ठरावीक वेगाला घूं घूं आवाज सुरू होतो. आडव्या इंजिनाच्या पुढच्या गिअरबॉक्समध्ये ही जुळवणी नसते, कारण क्राऊनचे दात साधे तिरपे असतात. तिथे बेअरिंगचा दाब महत्त्वाचा, आणि नवे युनिट आले की शिम नव्याने मोजावेच लागतात. फोक्सवॅगनच्या अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये क्राऊन रिव्हेटने बसवलेला असतो. ते ड्रिलने काढून जागी कडक पोलादाचे बोल्ट आणि लॉकिंग द्रव वापरायचा, आणि बोल्ट समोरासमोर क्रमाने आवळायचे. क्राऊन हातोड्याने ठोकून बसवू नका, गरम करून सरकवा.

ऑइलची गफलत सर्वात महाग पडते. मागच्या ॲक्सलच्या प्लेटवाल्या युनिटला जीएल-५ दर्जाचे ऑइल आणि घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह लागते, नाहीतर सावकाश वळताना प्लेटा खडखडतात. तेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतले तर पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) बाधू शकते. म्हणून पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत हेलिकल बसवून मूळ गिअरबॉक्सचेच ऑइल ठेवणे सोयीचे. नव्या प्लेटा रुळवायला मोकळ्या मैदानात सावकाश आठाच्या आकड्यात दोन्हीकडे दहा-पंधरा फेऱ्या माराव्यात, आणि पहिले ऑइल काही शे किमीवर बदलावे, कारण त्यात प्लेटांचा कीस असतो.

कोकणात एक काळजी आणखी. पुराच्या पाण्यातून किंवा ओढ्यातून जाताना तापलेला ॲक्सल एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून (ॲक्सलला हवा घेऊ देणाऱ्या तोंडातून) पाणी आत ओढतो. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर त्याच आठवड्यात बदला, नाहीतर बेअरिंगला गंज धरतो. ब्रीदरची नळी वर, इंजिनाच्या कप्प्यात किंवा बॉडीच्या आत नेऊन बांधली की हा प्रश्न बहुतेक सुटतो. किनाऱ्याच्या वाळूवरून गाडी फिरवली असेल, तर खारे पाणी ड्रेन प्लग आणि ऑइल सीलच्या कडेला बसते. गोड्या पाण्याने खालून धुतल्याशिवाय गाडी रात्रभर उभी करू नका.