कापसाचा ओलावा आणि भाच्याची चार अक्षरं

खरेदी केंद्रावर गाडीतल्या कापसात ओलाव्याचं मीटर खुपसतात. बारा टक्क्यांच्या आत आकडा आला तर गाडी काट्यावर, वर गेला तर परत. ११.९ आणि १२.१ टक्क्यांचा कापूस हातात देऊन बघा, मुरलेल्या जिनिंगवाल्यालाही फरक कळणार नाही. तरी एक घेतात, दुसरा फिरवतात. अठरा टक्क्यांचा चिंब कापूसही त्याच 'परत'मध्ये.

धरणगावच्या माझ्या भाच्यानं मोबाइलवर स्वभाव ओळखायची चाचणी दिली. "मामा, मी आयएनटीजे शे!" दीड महिन्यानं पुन्हा दिली, तर आयएनएफजे. पोरगा तोच. एका अक्षराच्या रेघेजवळ तो उभा होता, एवढंच.

ही मायर्स-ब्रिग्ज पद्धत. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती घडवली. अंतर्मुख की बहिर्मुख अशा चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू आणि तिचं एक अक्षर, म्हणून १६ प्रकार. पण अंतर्मुखता मोजायला गेलं तर बहुतेक माणसं मध्याच्या आसपास सापडतात, आणि रेघ ओढलेली असते नेमकी त्या गर्दीत.

स्वभाव मोजायच्या दुसऱ्या पद्धतीची, 'बिग फाइव्ह'ची, वाट निराळी. जो गुण व्यवहारात महत्त्वाचा, त्याला भाषेत शब्द असणारच, हा तिचा पाया. स्थळ बघताना "पोऱ्या कसा शे?" विचारलं की तापट, घुम्या, चिक्कू, मनमिळाऊ अशी उत्तरं येतातच ना! ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून असे सुमारे १८ हजार शब्द वेचले. पुढे कोणते शब्द एकमेकांसोबत चालतात हे संख्याशास्त्रानं तपासत गेल्यावर पाच गट उरले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता, नव्याबद्दलचा खुलेपणा. इथे माणसाला खण नाही, पाच आकडे मिळतात; कापसाचा ओलावा वेगळा, धाग्याची लांबी वेगळी, तसे.

आयुर्वेदातल्या सात प्रकृतींमध्ये वातपित्तासारख्या जोड्या आहेत. मिश्रण मान्य आहे, पण शेवटी खणच.

गंमत म्हणजे भाच्याला दोन्ही वेळचं वर्णन तंतोतंत पटलं होतं. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचा अहवाल' म्हणून एकच मजकूर वाटला होता, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

मी बहिणीला विचारलं, तुझा पोरगा कसा आहे? भाकरी थापता थापता म्हणाली, "आळशी शे, पण मनना चांगला शे."

दोन आकडे झाले, तीन राहिले.