ऑइल पंप आणि डिझेल पंप : गाडी नेमकी कोणामुळे अडते?

सोलापुरात पुणे-हैदराबाद महामार्गालगतच्या गॅरेजांत एक तर्क वारंवार ऐकू येतो : ऑइल पंपाचे काम झाल्यावर गाडी चालू होत नाही, म्हणजे पंपच चुकीचा बसला. टाटा किंवा अशोक लेलँडच्या ट्रकबाबत हा तर्क सहसा चुकतो, आणि त्यापायी नीट बसवलेले चेंबर (इंजिनखालचे ऑइलचे भांडे) पुन्हा उतरवले जाते, याची आता चीड येते.

डिझेल पंप नोझलकडे, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांकडे, डिझेल ढकलतो, हे ट्रकमालकाला समजावण्याची गरज नाही. ऑइल पंप चेंबरमधले ऑइल ओढून बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि टर्बोपर्यंत पोचवतो, एवढे पुरे.

खरा घोळ पुढे आहे. डिझेल पंपात हवा शिरली तर इंजिन चालू होत नाही. ऑइल पंप कोरडा, म्हणजे आत ऑइल नसलेला, असला तरी ते चालू होते, खुशाल फिरते आणि ऑइल वर चढेपर्यंत मेन व कनेक्टिंग रॉडची बेअरिंग खाऊ लागते. म्हणजे कोरडा ऑइल पंप गाडी अडवत नाही, हाच त्याचा धोका आहे. याला अपवाद आहे तो फोर्डच्या 7.3 लिटर पॉवर स्ट्रोकसारख्या अमेरिकी इंजिनांचा, ज्यांत नोझल उच्च दाबाच्या ऑइलवर चालतात आणि तो दाब सुमारे 500 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचे एकक) चढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. पण तिथे त्यासाठी वेगळा उच्च दाबाचा ऑइल पंप असतो. त्या गाड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर पाहून आपल्याकडच्या ट्रकचे निदान करणे मला तरी मान्य नाही.

मग गाडी का अडली? सेल्फच (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) सुस्त फिरत असेल, तर काम करताना सोडलेली बॅटरीच्या अर्थची पट्टी आधी पाहावी. सेल्फ जोमात फिरतो पण सायलेन्सरमधून धूरच येत नाही, तर डिझेल नोझलपर्यंत पोचत नाही : डिझेल तोडून इंजिन बंद करणारी स्टॉपची केबल ओढलेली राहिली असेल, सोडलेल्या पाइपमधून हवा शिरली असेल किंवा कॉमन रेलच्या (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) गाडीत इंजिनाचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरचा प्लग लावायचा राहिला असेल. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण जळत नाही. अशा वेळी टायमिंगची, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ चुकल्याची, शंका घ्यावी, मात्र कामात पुढचे टायमिंग कव्हर उघडून गिअर हलवले असतील तरच. पंप नुसता चेंबर उतरवून काढला असेल आणि टायमिंग गिअरला हात लागला नसेल, तर टायमिंगला दोष देणे व्यर्थ आहे. हवा काढताना जुन्या इंजिनात नोझलच्या पाइपचे नट सैल करतात; कॉमन रेलमध्ये ते कदापि करू नये, कारण तिथे सेल्फ मारतानाच दाब शेकडो बारपर्यंत चढतो.

एवढे होऊनही गाडी अडली, की दुसऱ्या ट्रकला बांधून ओढण्याची किंवा स्टार्टिंग स्प्रे मारण्याची घाई होते, आणि नव्याने बसवलेल्या पंपाला त्याहून घातक काही नाही. पंप बसवण्यापूर्वी त्यात ऑइल भरावे. नंतर जुन्या गाडीत स्टॉपची केबल ओढून, कॉमन रेलमध्ये कंपनीच्या पुस्तकातल्या पद्धतीने डिझेल बंद ठेवून, 10-15 सेकंद सेल्फ मारावा, त्याला थंड होऊ द्यावे आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत हेच पुन्हा करावे. डिझेल त्यानंतरच सोडावे.