गरोदरपणातला मुका संसर्ग

गरोदर स्त्रीच्या मूत्राशयात जिवाणू वाढत असावेत आणि तिला त्याची जराही जाणीव नसावी, हे सहजी पटत नाही. लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचे पाणी, सब्जा, कोकमाचे सरबत हे उपाय कोकणातल्या घरांत लगेच सुरू होतात आणि उतार पडला नाही तर दवाखानाही गाठला जातो. मात्र १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण २ ते १० जणींच्या लघवीत भरपूर जिवाणू असूनही जळजळ नसते, ताप नसतो, ओटीपोटात दुखत नसते. अशी स्थिती गरोदर नसलेल्या निरोगी स्त्रीत आढळली तर बहुधा औषधाचीही गरज नसते. गरोदरपणात मात्र तिच्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

दिवस राहिल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. गर्भाशयाने अवेळी आकुंचन पावू नये म्हणून ते त्याचे स्नायू सैल ठेवते, पण मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी वाहून आणणाऱ्या नळ्यांचे स्नायूही त्यामुळे सैलावतात. पुढे वाढत्या गर्भाशयाचा भार या नळ्यांवर पडतो. गर्भाशय सहसा उजवीकडे कललेले असल्याने उजवी नळी अधिक दाबली जाते आणि म्हणूनच गरोदरपणातला मूत्रपिंडाचा संसर्ग उजव्या बाजूला जास्त आढळतो. लघवी तुंबते, तिच्यात थोडी साखर आणि अमिनो आम्ले उतरू लागतात, आणि आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला जेमतेम ४ सेंटीमीटरचा मूत्रमार्ग ओलांडला की वाढीला पोषक जागा मिळते. त्याच्या अंगावरचे सूक्ष्म तंतू मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटतात, त्यामुळे केवळ लघवीच्या प्रवाहाबरोबर तो वाहून जाईलच असे नाही.

या लक्षणविरहित संसर्गाचे महत्त्व १९५०च्या दशकात बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी दाखवून दिले. १ मिलिलिटर लघवीत १ लाखाहून अधिक जिवाणू असतील तर ते नमुना घेताना बाहेरून मिसळलेले नसून आत वाढलेले आहेत असे मानावे, हा निकष त्यांच्याच कामातून रूढ झाला. उपचार न मिळालेल्या गरोदर स्त्रियांपैकी २० ते ४० टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, असे त्या काळातील अभ्यासांत दिसले. नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी जोखमीच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुष्कळच कमी निघाले, आणि त्यामुळे सरसकट तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा आहे. मला वाटते, हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. जिथे गरोदर स्त्रियांत रक्तक्षय सर्रास आढळतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरला तर रुग्णालयाची वाट लांबची असते, तिथे संसर्ग मूत्राशयातच असताना शोधणे शहाणपणाचे आहे.

कोकणातील स्त्रियांच्या कामाचे स्वरूपही इथे लक्षात घ्यायला हवे. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांत बसून काम करणाऱ्या, हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीच्या लिलावाला तासन्‌तास थांबणाऱ्या किंवा आषाढात दिवसभर लावणीच्या चिखलात वाकलेल्या स्त्रीला आडोशाची, स्वच्छ जागा जवळ नसते. म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून धरते. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामे न होणे जिवाणूंच्या पथ्यावर पडते. तिला ‘पाणी जास्त प्या’ असा सल्ला देऊन परत पाठवण्यापेक्षा कामाच्या ठिकाणी दार लावता येईल असे शौचालय बांधणे हा अधिक प्रामाणिक उपाय आहे.

गरोदरपणाच्या तपासणीत लघवी तपासली जाते, पण नेहमीची पट्टी बहुतेक वेळा प्रथिने आणि साखर एवढेच सांगते. जिवाणू शोधण्याची खात्रीची पद्धत म्हणजे कल्चर, म्हणजेच लघवीतले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. त्यासाठी आधी स्वच्छ धुऊन, सुरुवातीची थोडी लघवी सोडून देऊन मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी लागते. त्यानंतरचा टप्पा कोकणात सर्वांत नाजूक ठरतो. पोषक द्रव्य आणि शरीराइतकी ऊब मिळाली तर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे १,००० जिवाणूंचे २ तासांत ६४,००० होऊ शकतात. लघवीत हा वेग काहीसा कमी असला, तरी उपकेंद्रातून निघालेली बाटली दमट उन्हात एस.टी.च्या प्रवासात राहिली, तर निरोगी स्त्रीच्याही अहवालात संसर्ग दिसतो आणि तिला विनाकारण प्रतिजैविक घ्यावे लागते. नमुना २ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवणे किंवा तोवर बर्फाच्या डब्यात ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. लसींसाठी शीतपेट्या उपकेंद्रांपर्यंत पोहोचतातच. तशीच वेगळी पेटी या बाटल्यांसाठी ठेवणे अशक्य नाही.

संसर्ग आढळला तर जागतिक आरोग्य संघटना ७ दिवसांच्या प्रतिजैविकाची शिफारस करते. कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर गरोदरपणाचा महिना पाहून ठरवतात: उदाहरणार्थ, नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आल्यावर टाळतात, कारण त्यामुळे नवजाताच्या तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या उरलेल्या गोळ्या घेणे किंवा बरे वाटते म्हणून औषध मध्येच सोडणे, दोन्ही घातक. कोकणात पावसाळ्यात आलेल्या तापाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस हाही जिवाणूजन्य आजार पसरतो, त्यात गर्भ दगावण्याचा धोका असतो, आणि प्रतिबंधासाठी इतरांना दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन गरोदर स्त्रीला सहसा देत नाहीत. शेतात उतरलेल्या गरोदर स्त्रीचा ताप अंगावर काढू नये.

आईचा संसर्ग बाळापर्यंत कसा पोहोचतो? पहिली वाट आडवळणाची आहे. मूत्रपिंडाला संसर्ग झाला की त्याविरुद्ध उठलेल्या दाहामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वाढतात, ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात आणि ३७ आठवडे भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाकडे मोठ्या प्रमाणावर जातात ती गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत. अपुऱ्या दिवसांचे बाळ ही शिदोरी न घेताच जन्माला येते, त्याची त्वचाही पातळ असते, आणि ज्या जंतूंना पूर्ण दिवसांचे बाळ तोंड देऊ शकते तेच त्याच्या जिवावर बेततात.

दुसरी वाट थेट आहे. गट ‘ब’ स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात असतो. जगभरात गरोदर स्त्रियांत हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रसूतीच्या वेळी तो बाळाला लागू शकतो. बहुतेक बाळांना काही होत नाही, थोड्यांना मात्र पहिल्या काही दिवसांत न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर होतो. अमेरिकेत ३६ ते ३७ आठवड्यांच्या सुमारास तपासणी करून, जिवाणू आढळलेल्या स्त्रीला कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, आणि तिथे हा आजार १९९०च्या तुलनेत कितीतरी कमी झाला आहे. भारतात चित्र वेगळे आहे. दिल्लीतील तीन रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नवजातांच्या रक्तात प्रामुख्याने अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय सापडले, आणि त्यांतले अनेक नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. असे जिवाणू बरेचदा रुग्णालयातूनच लागतात, म्हणजे आईच्या तपासणीइतकीच प्रसूतिगृहातील हातांची स्वच्छताही इथे मोलाची आहे.

पाणमोट फुटली आणि कळा नसल्या, तरी घरी थांबू नये. पाणी जाऊन १८ तास उलटले की बाळाला संसर्ग होण्याचा धोका वाढतो. खाडीपलीकडच्या किंवा डोंगरावरच्या वाडीतील कुटुंबाने हा प्रवासाचा वेळ आधीच हिशेबात धरायला हवा.

नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखणे अवघड असते, कारण तापच येईल असा नेम नाही. पुष्कळदा बाळ उलट गार पडते, आणि श्रावणातल्या गारव्यात ‘हवेमुळे असेल’ म्हणून त्याला आणखी एक दुपटे गुंडाळले जाते. काल नीट ओढणारे बाळ आज अंगावर प्यायला तयार नाही, हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही, शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, झटके येतात किंवा अंगाचे तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताई घरी येतात, त्या हेच पाहण्यासाठी. त्यांना बाळ झोपले आहे म्हणून परत न पाठवता दुपटे सोडून दाखवावे, श्वास मोजू द्यावेत. गंभीर संसर्गाची शंका आली तर आरोग्यसेविकेने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन बाळाला पुढे पाठवावे, अशी तरतूद भारत सरकारच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरले तर त्याची ऊब टिकते, आणि ते पिऊ शकत असेल तर त्याला प्रवासातही अंगावर पाजत राहावे.