डिस्चार्ज झाल्यावर चिठ्ठीसोबत घरातला गोळ्यांचा डबापण आणा

हॉस्पिटलमधून घरी आणलं की नवी चिठ्ठी घेऊन तुम्ही घाईघाईत आमच्या मेडिकलमध्ये येता, आम्ही विचारतो आजींना आधी कुठल्या गोळ्या चालू होत्या, तर उत्तर ठरलेलं, "शुगरची आणि बीपीची आहे ना घरी, ती चालूच आहे, तुम्ही ही नवीन द्या." घोळ नेमका इथेच होतो.

हॉस्पिटलमधले डॉक्टर बऱ्याचदा तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहितात. ग्लायकोमेट जीपी २ आणि ग्लुकोनॉर्म जी २, नावं ऐकून वेगळ्या गोळ्या वाटतात पण दोन्हीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन हीच शुगरची औषधं आहेत. टेलमा ४० आणि टेल्मिकाइंड ४० चंही तसंच, दोन्ही बीपीचं टेल्मिसार्टन. मग जुनी स्ट्रिप वाया कशाला घालवायची म्हणून तीही चालू आणि नवीही चालू, म्हणजे डोस डबल, आणि उतारवयात किडनीचं काम मंदावलेलं असतं त्यामुळे औषध अंगात जास्त वेळ राहतं.

आमच्या एका नेहमीच्या काकांचा मुलगा पहाटे शटर वाजवत आला होता. काका घामाने चिंब, बनियन पिळावं असं, हात गार, मुलाला ओळखेनात, घरच्यांना वाटलं अटॅक आला. ग्लुकोमीटरवर शुगर ४२, म्हणजे खूपच खाली! स्टीलच्या डब्यात दोन्ही कंपन्यांच्या स्ट्रिपा निघाल्या, दोन्हीतल्या गोळ्या फोडलेल्या.

असं झालं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत शुगर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि शुगर वर आली म्हणून घरी बसू नका, ग्लिमेपिराइडमुळे ती काही तासांनी परत पडू शकते, दवाखान्यात न्यायलाच हवं.

गुडघेदुखीची गोळी मागतानासुद्धा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

काहीजण चिडतात की दुसरीकडे पटकन देतात, तुमच्याकडेच चौकशी. चिडा, पण आम्ही दोन्ही स्ट्रिपांवरचं कंटेंट वाचल्याशिवाय आणि शंका आली तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय देणार नाही. "ती छोटी पांढरी गोळी" एवढ्यावरून तर नाहीच, छोट्या पांढऱ्या गोळ्या आमच्याकडे शेकड्याने आहेत, त्यातच अर्धा तास जातो. म्हणून स्ट्रिप कापून ठेवताना नाव आणि एक्सपायरीचा तुकडा शेवटपर्यंत जपा.

डबा तपासायचे पैसे घेत नाही, औषध कुठूनही घेतलेलं असो. डबल निघालेली गोळी वेगळी काढून देतो, कुठली बंद करायची ते डॉक्टरांना विचारूनच, आणि प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने सकाळ-रात्र मोठ्या अक्षरात लिहून देतो. आठवड्याचे कप्पे असलेला डबा हवा असेल तर तोही आहे, पहिल्यांदा आम्हीच भरून देऊ. दुपारी २ ते ४ गर्दी नसते, तेव्हा या.